माळ्यावरची हवा

अंकासाठी काहीतरी द्या म्हणून पोरं दोन महिने मागं लागली आहेत. विषयही त्यांनीच सुचवले. नामांतराचे दिवस, पँथरची फाटाफूट, जुने मोर्चे. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांनी लिहावं. मी पत्र्याच्या घरावर लिहिणार आहे. नेमकं सांगायचं तर पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर. तिथं हिवाळ्यात टपकणाऱ्या पाण्यावर आणि तिथं न पोचणाऱ्या हवेवर. हा काय चळवळीचा विषय झाला का, असं ज्याला वाटेल त्यानं डिसेंबरात एक रात्र माळ्यावर झोपून बघावं. मग आपण बोलू.

आम्ही मूळचे सोलापूर जिल्ह्यातले. १९७२च्या दुष्काळात आधी दुष्काळी कामावर खडी फोडली. मग त्यानंही भागेना म्हणून बा पुण्याला आला आणि मागून आम्ही सगळे. बा स्टेशनवर हमाली करायचा. रुळांकडेच्या वस्तीत दहा बाय दहाची जागा मिळाली. मातीत रचलेल्या विटांच्या भिंती, वर पत्रा. माणसं सात. पाय लांब केले की कुणाच्या तरी तोंडाला लागायचे. दोन-तीन वर्षांनी बानं जुन्या बाजारातून फळ्या आणल्या, दोन तुळया टाकल्या आणि माळा केला. पत्रा एकपाखी, गल्लीकडं उंच आणि मागं गटाराकडं उतरता. त्यामुळं माळ्याची उंची गल्लीकडं पाच फूट आणि मागं तीन. वर आम्ही चौघं भावंडं. आक्का, मी आणि दोघं धाकटे. खाली आय, बा आणि आजी.

माळा झाला तेव्हा आम्हाला दुमजली घर बांधल्यासारखं वाटलं. कंदील घेऊन वर बसता यायचं. खालच्या कालव्यातून सुटका. आक्का तिथंच बसून मॅट्रिकचा अभ्यास करायची.

पहिल्याच हिवाळ्यात वरून पाणी पडायला लागलं. पहाटे चारच्या सुमाराला तोंडावर थेंब. वाकळ वरून ओली. वह्यांची पानं फुगलेली, शाई पसरलेली. बा म्हणाला पत्रा गळतोय. त्यानं डांबर आणून खिळ्यांच्या तोंडावर थापलं. गल्लीत सगळ्यांनीच ते केलं. तरी पाणी पडतच राहिलं. पाऊस ऑक्टोबरातच संपलेला, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि पत्रा गळतोय. आजी खालून म्हणायची, "गळत न्हाई रं, पत्र्याला घाम फुटतुया." म्हातारी कधी शाळेत गेली नव्हती, पण तिचं बरोबर होतं.

हे कसं होतं ते आधी समजून घेऊ. कारण आपल्या वस्त्यांत आजही गळती समजून पत्र्यावर ताडपत्र्या टाकतात आणि पैसा वाया जातो.

हवेच्या पोटात पाणी असतं, वाफेच्या रूपात. गरम हवेचं पोट मोठं, गार हवेचं लहान. एक घनमीटर हवेत ३० डिग्रीला जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. २० डिग्रीला १७ ग्रॅम. १० डिग्रीला साडेनऊच्या आसपास. हवा गार झाली की जास्तीची वाफ बाहेर पडते आणि जी वस्तू सगळ्यात गार असेल तिच्यावर जाऊन बसते. माळ्यावर सगळ्यात गार वस्तू म्हणजे पत्रा. रात्री आभाळ निरभ्र असलं की पत्रा आपली उष्णता सरळ आभाळाकडं फेकतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. शेतात दव पडतं ते याच कारणानं. गावाकडच्या छपराला असं होत नसे. पाचटाचं, गवताचं छप्पर जाड असतं, चटकन गार होत नाही, थोडं पाणी पिऊन घेतं आणि त्यातून हवाही झिरपते. म्हणून छप्पर चांगलं होतं असं कुणी समजू नये. ते पावसात कुजायचं आणि एका ठिणगीनं जळायचं. पण पत्र्यासारखं ते पहाटे माणसाच्या तोंडावर पाणी टाकत नसे.

ही वाफ येते कुठून? आमच्यातूनच. झोपलेला माणूस श्वासातून आणि अंगातून तासाला ४० ग्रॅमच्या आसपास पाणी सोडतो. चार माणसं, आठ तास. हिशेब करा. सव्वा लिटरहून जास्त. खाली रॉकेलचा स्टोव्ह. एक लिटर रॉकेल जळलं की एक लिटरभर पाणी वाफ होऊन हवेत जातं, हे पुष्कळांना माहीत नसतं. आता गॅस आला, पण गॅसचंही तेच. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी. त्यात भाताची वाफ, मोरीतल्या अंघोळीची वाफ. पावसाळ्यात माळ्यावर दोरी बांधून धुणं वाळत घातलं की लिटर-दोन लिटर आणखी. या सगळ्याला वर जायला वाट एकच, शिडीचं भोक. आणि ते भोक आमच्या उशाशी.

गळती आणि घाम यातला फरक ओळखायला सोपं आहे. गळती पावसात होते, एका जागी होते, खिळ्याच्या किंवा जोडाच्या तोंडाशी. घाम सगळ्या पत्र्यावर एकसारखा येतो, आधी बारीक बिंदू, मग ते मिळून थेंब, मग थेंब उताराकडं घसरतात आणि जिथं वासा लागतो तिथं टपकतात. आणि तो येतो वारा नसलेल्या, चांदण्या स्पष्ट दिसणाऱ्या थंडीच्या पहाटे. पावसाळ्यातही येतो, पावसानं पत्रा थंड झाला आणि खाली चूल पेटलेली असली की. घामावर डांबराचा उपयोग नाही. घाम बाहेरून आत येत नाही, तो आतलाच असतो.

आता आक्काचं सांगतो.

माळ्यावर तिसरा हिवाळा असेल. आक्काला खोकला लागला तो जाईना. संध्याकाळी ताप. मॅट्रिक तोंडावर आलेली. आय म्हणायची अभ्यासानं अंगात उष्णता झाली. एक दिवस वाकळंवर रक्त दिसलं. बानं हमालीचा खाडा करून तिला सरकारी दवाखान्यात नेलं, मी बरोबर होतो. टीबी निघाला. रोज सुई, मग गोळ्या, सगळं मिळून दीड वर्ष. त्या दवाखान्यात एक म्हातारे डॉक्टर होते. बाकीच्यांनी बिडी, दारू, खाणं विचारलं. या माणसानं विचारलं, "पोरगी झोपते कुठं?" बा म्हणाला, माळ्यावर. "खिडकी किती?" बा गप्प. मी सांगितलं, एक वीट काढलेली आहे. ते डॉक्टर काही बोलले नाहीत. कागदावर औषधं लिहिली आणि खाली आमच्यासाठी मराठीत लिहिलं, हवा.

आक्का वाचली. पण एक फुप्फुस कायमचं अधू झालं. मॅट्रिक राहिलीच. पुढं ती शिडी चढू शकली नाही.

इथं एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, नाहीतर पोरं भलतंच डोक्यात घेतील. पत्र्याचं पाणी अंगावर पडलं म्हणून टीबी होत नाही. टीबी होतो जंतूनं. तो रोग्याच्या खोकल्यातून हवेत येतो आणि कोंडलेल्या हवेत तासन् तास तरंगत राहतो. उघड्या हवेत तो विरतो, उन्हात मरतो. अन्नाचाही मोठा वाटा आहे. झारखंडात टीबीच्या रोग्यांच्या घरातल्या माणसांना पोटभर सकस शिधा देऊन पाहिला. त्याचा अहवाल २०२३ साली आला. शिधा मिळालेल्या घरांत नवे रोगी सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघाले. तेव्हा उपासमार विसरून फक्त खिडकीचं बोलू नये. पण पत्र्याचा घाम आपल्याला एक गोष्ट फुकटात सांगतो. सकाळी पत्रा आतून ओला असेल तर रात्रभर त्या जागेतली हवा बदललेली नाही. चौघांचा श्वास चौघांनीच आळीपाळीनं घेतलेला आहे. त्यात एकजण खोकणारा असेल तर पुढचं सांगायला नको. आणि जिथं सतत ओल तिथं बुरशी, बुरशीनं दमा वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली घरातल्या ओलीवर आणि बुरशीवर वेगळं मार्गदर्शन काढलं ते उगाच नाही.

हवेचं राजकारण आपल्याला नवं नाही. आमच्या गावात वारा पश्चिमेकडून येतो. महारवाडा पूर्वेला. गावावरचा वारा आमच्या अंगावरून गेला तर चालायचा, आमच्या अंगावरचा वारा गावावर जाता कामा नये. हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, पण घरं तशीच मांडलेली होती. पाणी अडवता येतं, तळ्यावर पहारा बसवता येतो. म्हणून १९२७ला महाडला जावं लागलं. वारा अडवता येत नाही, म्हणून त्यांनी आमची घरंच वाऱ्याच्या खालच्या अंगाला टाकली. १९५६ नंतर आम्ही बौद्ध झालो, वाड्याचं नाव बदललं, दिशा तीच राहिली.

शहरात आल्यावर दिशा गेली आणि कोंडी आली. मुंबईत १८९६ला प्लेग आला, तेव्हा सरकारला पहिल्यांदा मजुराच्या खोलीतल्या हवेची काळजी वाटली. कारण प्लेग चाळीत थांबत नाही, बंगल्यातही जातो. १८९८ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढायचे, समुद्राचा वारा आत आणायचा, मजुरांसाठी चाळी बांधायच्या. रस्त्यांना हवा मिळाली. पाडलेल्या खोल्यांतली माणसं मात्र बहुतेक दुसऱ्या दाटीत जाऊन पडली. त्याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत बाबासाहेब १९१२ पासून वीस वर्षांवर राहिले. अख्खं कुटुंब दोन खोल्यांत. तेव्हा कोंदट खोलीत बसून वाचणं म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पुढं १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळत होते. १९४३ला धनबादच्या कोळसा खाणीत ते स्वतः खाली उतरले आणि वर येऊन मजुरांची राहायची घरंही पाहिली. मंत्री असून घर पाहायला गेले, हे मला खाणीत उतरण्याइतकंच मोठं वाटतं.

मी आयटीआय करून पिंपरीकडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो. पहिल्या दिवशी मान वर करून शेड बघितली. पत्राच होता, आमच्या घरासारखाच. पण आढ्यावर सबंध लांबीची फट आणि फटीवर पत्र्याची टोपी. खाली भिंतीला जागोजागी झडपा. गरम हवा वरून बाहेर, गार हवा खालून आत, पंखा न लावता. हिवाळ्यात पहिल्या पाळीला गेलो तरी पत्र्याला घाम नाही. मशीन गंजू नये म्हणून ही सगळी काळजी. तेव्हा लागू असलेल्या १९४८च्या फॅक्टरी अ‍ॅक्टात लिहिलं होतं की नव्या कारखान्यात दर कामगारामागं कमीत कमी १४.२ घनमीटर जागा पाहिजे. मी घरी येऊन टेप लावला. आमचा माळा दहा बाय दहा, सरासरी उंची चार फूट. ४०० घनफूट, म्हणजे ११.३ घनमीटर. चौघांत वाटले तर माणशी २.८. कायद्यानं कामावर जेवढी हवा मला मिळत होती तिचा पाचवा हिस्सा घरी. आठ तास मी कामगार होतो तेव्हा माणूस होतो. उरलेले तास काय होतो?

त्याचंही उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडलं. आपल्या देशाचा एक नॅशनल बिल्डिंग कोड आहे, पहिला १९७०चा, पुढं सुधारत गेलेला. त्यात माळ्याची व्याख्या आहे. माळा म्हणजे सामान ठेवायची जागा, उंची जास्तीत जास्त १.५ मीटर. माणसाच्या राहत्या खोलीची उंची मात्र कमीत कमी २.७५ मीटर पाहिजे. कोरड्या उष्ण हवेच्या गावात जमिनीच्या क्षेत्राच्या दहाव्या भागाइतकी खिडकी पाहिजे, दमट उष्ण हवेच्या गावात सहाव्या भागाइतकी. म्हणजे आमच्या शंभर चौरस फुटांना कमीत कमी दहा चौरस फुटांची खिडकी. आमच्याकडं एक वीट काढलेलं भोक, पाव चौरस फुटाचं. चाळिसावा हिस्सा.

वस्तीत मागच्या अंगाला झरोके काढू द्या, गटारावर झाकणं टाका, असा अर्ज घेऊन आम्ही दहा-बारा पोरं एका कचेरीत गेलो होतो. टेबलामागचा साहेब हसला. म्हणाला, "माळा म्हणजे सामानाची जागा. सामानाला खिडकी कशाला लागते?" आमच्यातला एकजण पुढं सरकला होता, त्याला मी धरलं. साहेबाचं काही चुकलं नव्हतं. तो पुस्तकात होतं तेच बोलला होता. पुस्तकात आपण सामान आहोत.

मग आम्ही आमचं केलं. ते सांगतो, कारण ते अजून उपयोगी पडतं.

पहिलं, हिशेब. पुण्याची थंडीची पहाट धरा. बाहेरची हवा १२ डिग्री, तिच्यात घनमीटरला साडेसात ग्रॅम वाफ. पत्रा १० डिग्री. आतल्या हवेत वाफ साडेनऊच्या वर गेली की थेंब सुटणार. म्हणजे बाहेरून आलेली एक घनमीटर हवा दोनच ग्रॅम वाफ उचलून नेऊ शकते. चौघांची वाफ तासाला १६० ग्रॅम. ती न्यायला तासाला ८० घनमीटर हवा लागते. माळा ११ घनमीटरचा. म्हणजे माळ्यातली सगळी हवा तासाला सात वेळा बदलली पाहिजे. हे ऐकून घाबरू नये. पेरू देशातल्या लिमा शहरात आठ दवाखान्यांत हवा मोजली, २००७ साली ते प्रसिद्ध झालं. दारं-खिडक्या सताड उघडल्या की तासाला अठ्ठावीस वेळा हवा बदलते, आणि यंत्रानं हवा खेळवलेल्या खोल्यांत बारा वेळा. सगळ्यात चांगले निघाले ते जुने, उंच छताचे, मोठ्या खिडक्यांचे दवाखाने. तेव्हा सात वेळा म्हणजे काही महाल मागणं नाही. समोरासमोर दोन भोकं मागणं आहे.

दुसरं, भोकं कुठं. एक भोक पाडून काही होत नाही, हवेला यायला एक वाट आणि जायला दुसरी पाहिजे. गरम ओली हवा वर चढते. म्हणून जायची वाट उंचावर, पत्र्याच्या पोटाला चिकटून. आम्ही गल्लीकडच्या भिंतीचा वरचा सहा इंचाचा पट्टा दहाही फूट मोकळा केला. झाले पाच चौरस फूट. पत्रा दीड फूट पुढं काढला, पाऊस आत येऊ नये म्हणून. यायची वाट मागच्या भिंतीत, माळ्याच्या फळ्यांशी, दीड बाय दीड फुटाच्या दोन जाळ्या. साडेचार चौरस फूट. दोन्ही मिळून जवळजवळ दहा. उंदरासाठी जाड तारेची जाळी. डासाची बारीक जाळी हवा बरीच अडवते, म्हणून ती लावायची तर भोक आणखी मोठं ठेवायचं.

तिसरं, वाफ जिथं निघते तिथंच बाहेर काढायची. चुलीच्या वर, शिडीच्या भोकाच्या आधी, खालच्या भिंतीला वेगळा झरोका. भांड्यावर झाकण. धुणं माळ्यावर नाही म्हणजे नाही.

चौथं, पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्या. पत्र्यापासून चार इंच खाली, आणि मधली फट दोन्ही टोकांना उघडी. तट्टी पत्र्याइतकी गार होत नाही, आणि मधल्या फटीतून वारा वाहतो. फट बंद केली तर पाणी तट्टीच्या मागं साचतं, दिसत नाही, आणि वासे कुजतात. काही लोक प्लॅस्टिकचा कागद ताणतात. त्यात पाण्याची झोळी तयार होते आणि एक दिवस सगळी अंगावर रिकामी होते. थर्माकोल लावतात, तो पेट घेतो. पत्र्याला वरून पांढरा रंग दिला तर उन्हाळ्यात दुपारची काहिली कमी होते. ते जरूर करावं, पण त्यानं हिवाळ्याचा घाम थांबत नाही. सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कॅन्सर होतो. तो पत्रा करवतीनं कापू नका, भोकं पाडू नका, भोक पाडायचं ते भिंतीत.

हे सगळं करायला फार पैसा लागला नाही. अडचण वेगळीच निघाली. थंडी. आयनं पहिल्याच रात्री वरच्या पट्ट्यात गोणपाट कोंबलं. म्हणाली, "लेकरं गारठत्याली, त्वांड बंद करा त्या भोकांची." तिचं काय चुकीचं? अंगावर एक वाकळ आणि बाहेर दहा डिग्री. गल्लीत घरोघर आयाबाया रात्री भोकं बुजवायच्या आणि पोरं सकाळी उघडायची. शेवटी मंडळानं त्या वर्षी १४ एप्रिलच्या वर्गणीतला काही पैसा बाजूला काढला, एक मोर्चेवजा फेरी काढून जुनी लुगडी, गोणपाट, कपडे गोळा केले आणि बायांना बसवून प्रत्येक माळ्याला एक जादा वाकळ शिवून दिली. बँडबाजा कमी झाला म्हणून काही लोक रुसले. पण भोकं उघडी राहिली. ऊब अंथरुणातून घ्यायची, कोंडलेल्या हवेतून नाही, हे भाषणानं पटलं नसतं, वाकळेनं पटलं. आणि थंडीसाठी कोळशाची शेगडी घेऊन बंद माळ्यावर कुणी झोपू नये. तिचा विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही, झोपलेला माणूस उठत नाही.

दुसरी अडचण मागचं गटार. खालची जाळी उघडली की घाण वास. त्यासाठी गटार साफ पाहिजे, आणि गटार एका घराचं नसतं. तिसरी अडचण शेजार. समोरच्यानं भिंत वाढवली की आमचा वारा बंद, आम्ही वाढवली की त्याचा. मग सगळ्या गल्लीनं बसून ठरवलं की वरचा पट्टा कुणीही कुणाचा बुजवायचा नाही, पत्रा पुढं काढताना समोरच्याशी बोलायचं, आणि रविवारी गटार पाळीपाळीनं. भांडणं झाली. मावशी-काका म्हणणाऱ्यांनी शिव्या दिल्या. पण एक गोष्ट सगळ्यांना कळली. पाणी, पत्रा, रेशनकार्ड एकट्यानं मिळवता येतं. हवा एकट्याला मिळत नाही.

हे सगळं चाळीस वर्षांपूर्वीचं. आज तीच वस्ती तीन मजली झाली आहे. एकावर एक खोल्या, सगळ्यात वर पुन्हा पत्रा आणि पत्र्याखाली पुन्हा माळा. आमचा वरचा पट्टा समोरच्या भिंतीनं झाकला. धाकट्या भावाची नात त्या माळ्यावर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिला दमा आहे. तिच्या उशाशी पंपही आहे आणि बाबासाहेबांचे सरकारनं १९७९ पासून काढलेले खंडही आहेत. भिंतीला टेकलेल्या खंडांच्या पाठीवर हिरवी बुरशी आली होती. आम्ही खंड भिंतीपासून चार बोटं पुढं ओढले, पत्र्याला भोक पाडून वाऱ्यावर फिरणारं लोखंडी टोपडं बसवलं, कारखान्याच्या छपरावर असतं तसं, आणि जिन्याच्या बाजूला खालून जाळी. पत्रा बराच कोरडा राहतो. पंप कमी लागतो. पण याला मी उपाय म्हणत नाही. ही डागडुजी आहे.

उपाय म्हणून आता पुनर्वसनाच्या इमारती दाखवतात. मी मुंबईला गोवंडी-मानखुर्दकडच्या पाहून आलो. पक्कं घर, नळ, संडास आत. माणसाला मोह पडणारच, पडावाच. पण दोन इमारतींमधे जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. मधल्या पट्टीत कचरा पडतो म्हणून लोक खिडकी उघडतच नाहीत. पत्रा गेला, स्लॅब आला, त्यामुळं पाणी टपकत नाही. म्हणजे हवा बदलत नाही हे सांगणारा साक्षीदारही गेला. वस्ती आडवी कोंडलेली होती ती उभी कोंडली.

म्हणून कार्यकर्त्यांना माझं सांगणं आहे. तुमच्या वस्तीत संमतीचे कागद घेऊन माणसं येतील. चौरस फूट किती, एवढंच विचारून सही करू नका. नकाशा मागा. दोन इमारतींमधे अंतर किती, खिडकी कुठं उघडते, समोरासमोर हवा येते का, मधल्या पॅसेजला उजेड कुठून, सगळ्यात खालच्या घरात हिवाळ्यात ऊन किती वाजता येतं, हे विचारा. उत्तर लेखी घ्या. राहण्याच्या जागेला माणसाच्या जागेचे नियम लावा म्हणावं, सामानाच्या नाही.

आणि तोवर एक काम करा. येत्या जानेवारीत निरभ्र रात्र बघून पहाटे पाच वाजता वह्या घेऊन गल्लीत निघा. घरोघर माळ्यावर चढा, पत्र्याला आतून हात लावा. ओला की कोरडा. किती माणसं झोपतात, भोकं किती आणि केवढी, खोकणारं कोण आहे, दम्याचं कोण आहे. खोकणाऱ्याला त्याच आठवड्यात तपासायला न्या. शंभर घरांची अशी वही तयार झाली की ती घेऊन कचेरीत जा. आम्ही गेलो तेव्हा आमच्या हातात नुसता अर्ज होता.

जयभीम.